ॲडव्हान्स्ड स्कूबा डायव्हर म्हणायचं कुणाला? पॅडी, एसएसआय, सीमास... सातारकराचा गोंधळ

कंदी पेढा, सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नेत्राणीला पॅडी या संस्थेचा स्कूबाचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, केला. (मुर्डेश्वरहून बोटीनं साधारण १९ किलोमीटर आत. किनारा दिसेनासा व्हायच्या आधीच माझा नाश्ता समुद्रार्पण झाला होता, ते असो.) तेव्हापासून लॉगबुकात अकरा डाईव्ह जमल्यात. सगळ्या १८ मीटरच्या आतल्या आणि खरं सांगायचं तर सगळ्या पुढच्या माणसाच्या पायातल्या फिन्सवर नजर ठेवून केलेल्या. मनगटाला होकायंत्र बांधलेलं असतं, बघतंय कोण.

आता ॲडव्हान्स्ड करायचंय. साताऱ्यात विचारायला कुणी नाही. पोहण्याच्या तलावावर एका काकांना विचारलं तर म्हणाले, "मालवणला जावा की, पंधरा मिनटात होतंय, व्हिडिओ पण देत्यात." त्यांना काय समजावणार.

फोनवर तीन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे पॅडीचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, पाच डाईव्ह, दोन दिवस. दुसरीकडे एसएसआय, तशीच दुसरी संस्था. तिथला माणूस म्हणाला, तेच आहे, नाव फक्त ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर. पण एसएसआयमध्येच ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर नावाचं वेगळंही काही आहे आणि त्याला २४ डाईव्ह लागतात म्हणे. आणि पुण्यातला मित्र म्हणतो सीमास या तिसऱ्या संस्थेचं टू स्टार कर, बाकी सगळी दुकानदारी.

डोक्यात किडा अंग्रिया बँकेचा आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजींच्या नावाचं पाण्याखालचं पठार. त्याचा माथाच वीसेक मीटरवर, म्हणजे माझं १८ मीटरचं कार्ड घेऊन मी तिथं वरून फक्त नमस्कार करू शकतो. जायला मिळेल तेव्हा मिळेल, कार्ड तरी तयार असावं.

कुठलं घेऊ?


भडंग, सांगली

पहिला!

(जागा धरून ठेवतोय. जेवून येतो, मग माझा पण एक प्रश्न आहे.)


मिरजेची तार, मिरज

कंदी पेढा, हा गोंधळ तुम्ही केलेला नाही, या नावांनी केलाय. मी सहा सीझन हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, इन्स्ट्रक्टर होते. आधी पॅडी, नंतर एसएसआय. आता पाण्याशी संबंध महापालिकेच्या नळापुरता.

ओपन वॉटरला आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. आयएसओ २४८०१ मध्ये डायव्हरच्या तीन पायऱ्या आहेत: देखरेखीखाली उतरणारा, स्वतंत्रपणे उतरणारा आणि इतरांना घेऊन उतरणारा. तुमचं ओपन वॉटर यातली मधली पायरी. ॲडव्हान्स्ड नावाची पायरी तिथं नाहीच. देवगड हापूस म्हणायला नियम आहेत, 'स्पेशल आंबा' अशी पाटी लावायला कसले नियम? तसंच हे. ज्यानं त्यानं आपापली पाटी रंगवलीय.

पॅडीची पाटी म्हणजे पाच डाईव्ह. त्यात डीप (खोल पाण्यातली) आणि नॅव्हिगेशन (होकायंत्रावर वाट काढायची) सक्तीच्या, उरलेल्या तीन तुम्ही निवडायच्या. ओपन वॉटर झाल्या झाल्या सुरू करता येतं, मध्ये ठरावीक डाईव्ह झाल्याच पाहिजेत असं काही नाही. कार्ड हातात आलं की ३० मीटर. एसएसआयचा ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर याचा सख्खा भाऊ, पाच स्पेशॅलिटींची, म्हणजे एकेका विषयाच्या कोर्सची, एकेक डाईव्ह चाखायची. तुम्हाला दिसलेलं एसएसआयचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर मात्र कोर्सच नव्हे. चार स्पेशॅलिटी पुऱ्या केल्या आणि लॉगबुकात २४ डाईव्ह झाल्या की ती मान्यता मिळते. एसडीआय या आणखी एका संस्थेचंही जवळपास असंच, चार स्पेशॅलिटी आणि २५ डाईव्ह. म्हणजे पॅडीच्या नऊ डाईव्हवाल्याच्या (ओपन वॉटरच्या चार, वर या पाच) आणि एसएसआयच्या चोवीसवाल्याच्या कार्डावर शब्द तेच. बोटीवर दोघं शेजारी बसले की पाण्यात उतरेपर्यंत फरक कळत नाही. उतरल्यावर मात्र दोन मिनिटांत कळतो.

नाऊई या संस्थेच्या ॲडव्हान्स्डला सहा डाईव्ह, आणि त्यातली एक रात्रीची नाहीतर गढूळ पाण्यातली. हे मला मनापासून आवडतं. गढूळ पाणी माणसाचा खरा स्वभाव दाखवतं.

सीमासचा टू स्टार या रांगेत बसवणं चूक. तो मोठा पल्ला आहे, त्यात दुसऱ्याला वाचवायचं शिक्षण धरलेलं असतं. १९५९ साली ही संघटना झाली तेव्हा पहिले अध्यक्ष जाक कूस्तो होते आणि अजूनही तिचा पिंड क्लबचा आहे. ब्रिटनचा बीसॅक तसाच, १९५३ पासूनचा. त्यांचा स्पोर्ट्स डायव्हर ३५ मीटरपर्यंत जातो, रेस्क्यू शिकतो आणि डीकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना थांबायच्या जागा, कशा आखायच्या तेही शिकतो. पण क्लबात वर्षभर दर रविवारी थंड पाण्यात उतरून शिकायची ती रीत. आपल्याकडे चार दिवसांची रजा काढून जाणाऱ्याला ती परवडत नाही.

कार्ड चालेल का? पॅडी, एसएसआय, नाऊई, एसडीआय, काहीही दाखवा, चालतं. ओपन वॉटर एकाचं आणि पुढचं दुसऱ्याचं, तेही चालतं. एक फरक लक्षात ठेवा. एसएसआयचा इन्स्ट्रक्टर सेंटरला बांधलेला असतो, पॅडीचा स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. चांगला स्वतंत्र माणूस ओळखीत असेल तर पॅडीत त्याचा फायदा मिळतो.


कंदी पेढा, सातारा

ताई, दंडवत. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तीन फोन वाचले असते. वाचनखूण साठवली.


हरिपूरचा संगम, सांगली

ताईंचा मान राखून वेगळं बोलतो. पाच डाईव्हमध्ये ॲडव्हान्स्ड म्हणजे लर्निंग लायसन्सवर आंबा घाट. पॅडीचा अर्थ जगभरचे डायव्हर गमतीनं 'पुट अनदर डॉलर इन' असा लावतात, तो उगाच नाही. १९६६ साली दोन माणसांनी अमेरिकेत कंपनी काढली, शिक्षणाचे छोटे छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला कार्ड लावलं. धंदा म्हणून नामी डोकं. एसएसआय काही वेगळं नाही. २०१४ पासून ती हेड समूहाकडे आहे, त्याच घरात मारेस ही सामान बनवणारी कंपनी. शिकवणार तेच, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) विकणार तेच.

माझं मत: अजून १५ डाईव्ह साध्या करा. त्या पैशात डाईव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, घ्या. मग कोर्सचं बघू.


मिरजेची तार, मिरज

संगम, धंद्याबद्दल दुमत नाही, मी त्याच धंद्यात भाकरी खाल्लीय. पण "साध्या १५ डाईव्ह" म्हणजे आपल्याकडे काय असतं? डाईव्हमास्टरच्या, म्हणजे पाण्यातल्या वाटाड्याच्या, मागं आठ जणांची वरात. कंदी पेढा म्हणाले तशी पुढच्याच्या फिन्सवर नजर. तशा पन्नास केल्या तरी माणूस वरातीतच राहतो. कोर्समध्ये निदान कुणीतरी म्हणतं, तू पुढं हो, होकायंत्रावर चौकोन मारून मला परत इथं आणून सोड. पहिल्यांदा चौकोनाचा शंकरपाळा होतो. होऊ दे की.


रात्रपाळी, कराड

माझ्याकडून कुणी चौकोन मारून घेतलाच नाही. सेंटरचं नाव लिहीत नाही, आता तिथली माणसंही बदलली असतील. दोन दिवसांत पाच डाईव्ह. 'नॅव्हिगेशन' म्हणजे इन्स्ट्रक्टरनं होकायंत्र दाखवलं आणि अंगठा वर केला. 'बॉयन्सी', म्हणजे खाली-वर न होता पाण्यात स्थिर तरंगणं, तिथं फक्त माझा व्हिडिओ काढला. डीप डाईव्हला २८ मीटरवर गेलो. वर आल्यावर त्यानं विचारलं, काय वाटलं? मी म्हटलं, छान वाटलं. भलतंच छान वाटलं होतं, आमच्याकडे शिवरात्रीला थंडाईनं वाटतं तसं. एक खेकडा बघून मी मास्कच्या आत हसत होतो. ती नायट्रोजनची नशा होती हे सहा महिन्यांनी वाचल्यावर कळलं. कार्डावर लोगो मोठ्या नावाचाच आहे बरं का.


मिरजेची तार, मिरज

रात्रपाळी, हे वाचून वाईट वाटलं. त्याच डाईव्हला आम्ही पॅडीत एक गंमत करून घ्यायचो. वर एक छोटं काम घड्याळ लावून करायचं आणि तेच खाली पुन्हा करायचं. बहुतेकांना खाली जास्त वेळ लागतो आणि आपण मंद झालोय याचा पत्ताच नसतो. रंगांचा तक्ताही नेतात. लाल रंग सगळ्यात आधी जातो, खाली तो काळपट दिसतो. ही दहा मिनिटं गाळली तर त्या डाईव्हमध्ये शिकण्यासारखं उरलं काय?

कंदी पेढा, पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारा: माझ्या इन्स्ट्रक्टरबरोबर आणखी किती जण असतील, डीप डाईव्ह नक्की किती मीटरची, आणि पहिली डाईव्ह बॉयन्सीची ठेवाल का. तिसऱ्या प्रश्नाला "तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर आलं तर बरं. "त्याची काय गरज?" आलं तर फोन ठेवा.


गुणाकार, कराड

मास्तर माणूस, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. १८ वरून ३० मीटर म्हणजे १२ मीटरच जास्त, असं वाटतं ना? बघा.

दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो. ३० मीटरवर ४ बार. वर जो माणूस मिनिटाला २० लिटर हवा ओढतो, तो तिथं टाकीतून मिनिटाला ८० लिटर काढतो. आपल्याकडे सगळीकडे मिळते ती ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची. २०० बार भरली तर २२२० लिटर. ५० बार शिल्लक ठेवायचे म्हटलं तर वापरायला १६६५. ते ३० मीटरवर २० मिनिटांत संपतात. १८ मीटरवर अर्धा तास टिकतात.

आता दुसरी बाजू. पॅडीच्या तक्त्यात थांबा न घेता राहायची मुदत १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २०. म्हणजे १८ वर हवा संपते तेव्हा मुदत भरपूर उरलेली असते, चुकीला माफी आहे. ३० वर हवा आणि मुदत हातात हात घालून संपतात.

आणि ते ५० बारचं काय? समजा ३० मीटरवर जोडीदाराची हवा गेली. दोघं तुमच्या टाकीवर, दोघं घाबरलेले, प्रत्येकी ३० लिटर धरा. सावरायला एक मिनिट: २४० लिटर. नऊ मीटर प्रतिमिनिट वेगानं ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं: साधारण ४९५. तिथं तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप: २७०. बेरीज हजाराच्या वर, म्हणजे ९० बार. त्या खोलीवर काटा ९० वर आला की वर निघायचं, ५० ला नव्हे. हा हिशोब ज्या कोर्समध्ये तुमच्याकडून कागदावर करून घेतील तो घ्या. लोगो कुठला का असेना.


कंदी पेढा, सातारा

सर, मी अकराच्या अकरा डाईव्ह ५० ला वर आलोय. आता झोप येणार नाही.


गुणाकार, कराड

बारा मीटरवर ते चालून जातं. झोपा.


जतचा टँकर, जत

तुमचं चालू द्या. आमच्याकडे डाईव्ह मारायची तर आधी टँकर मागवावा लागतो. जादा ऑक्सिजनची ती नायट्रॉक्स हवा नको, पाणी मिश्रित पाणी मिळालं तरी बास.


भडंग, सांगली

आलो जेवून. (दोन दिवस लागले जेवायला, माफी.)

माझा प्रश्न निराळा हाय. आम्ही कृष्णेच्या घाटावरची पोरं, लहानपणापासून पुलावरून उड्या मारणारी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तवा आम्ही पंधरा जण होड्या घेऊन गल्लीबोळात फिरलो. आता पोरं म्हणत्यात, स्कूबाचं ॲडव्हान्स्ड करू, पुढच्या टायमाला कुणी बुडालं तर तळात उतरून शोधता येईल. गाठीला थोडे पैसे बी जमवलेत. पॅडी करू का एसएसआय?


मिरजेची तार, मिरज

भडंग दादा, तुमच्या पोरांना आधी सलाम. आता रागावू नका. या कामासाठी यातलं एकही नाही.

पॅडी, एसएसआय, नाऊई, हे सगळं मजेसाठीचं डायव्हिंग. ज्या दिवशी पाणी वाईट त्या दिवशी उतरायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. तुमचं काम नेमकं वाईट पाण्यातलं. पुरात हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. तारा, झाडं, जाळी, शेडचे पत्रे, सगळं वाहत आलेलं. वर सांडपाणी. तिथं अर्ध्या तोंडाचा मास्क आणि दातात धरायचा रेग्युलेटर घेऊन उतरणं म्हणजे शोधायला एकाच्या जागी दोन माणसं.

त्याला पब्लिक सेफ्टी डायव्हिंग म्हणतात. डायव्हर दोरीला बांधलेला, दोरीचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, बोलणं दोरीच्या झटक्यांनी. चेहरा पूर्ण झाकणारा मास्क. दुसरा डायव्हर तयार होऊन काठावर बसलेला. एसडीआय-टीडीआयची ईआरडीआय नावाची शाखा हेच शिकवते, पॅडीतही पब्लिक सेफ्टी डायव्हर आहे. तिथं पोचायलाही आधी साधं डायव्हिंग अंगात मुरलेलं लागतं. तोवर तो पैसा लाईफ जॅकेट, फेकायच्या दोऱ्या आणि प्रथमोपचाराच्या शिक्षणावर घाला. पाण्यावर राहून वाचवता येणारी माणसं तळातल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.


भडंग, सांगली

रागवायचं काय त्यात ताई. पटलं. पोरांस्नी दाखवतो हे. दोघं-तिघं हिरमुसतील, पण दोरीवाली गोष्ट आमच्या आज्ज्याला बी म्हाईत होती, आमीच विसरलो.


वाईची आई, वाई

मध्येच विचारते. मुलगी तेरा वर्षांची, ज्युनिअर ओपन वॉटर झालंय. बाबाबरोबर ॲडव्हान्स्ड करू द्यावं का?


मिरजेची तार, मिरज

पॅडीत बारा पूर्ण असले की ज्युनिअर ॲडव्हान्स्ड करता येतं, पंधरापर्यंत मर्यादा २१ मीटरची. मुलगी स्वतः मागतेय की बाबा मागतायत, ते तेवढं बघा.


कास पठार, सातारा

इतकं वाचलं, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. कंदी पेढा, कोर्स कुठं करताय आणि परत कधी येताय?


कंदी पेढा, सातारा

फेब्रुवारीत, परत नेत्राणीलाच. शनिवार-रविवार पाच डाईव्ह. रविवारी दुपारी शेवटची, संध्याकाळी गाडी काढायची, येल्लापूर, हुबळी, बेळगावमार्गे रात्रभर चालवून सोमवारी दहाला ऑफिस.


कास पठार, सातारा

वाटलंच.

डाईव्हनंतर विमानात बसायचा नियम सगळ्यांना पाठ असतो. एकच डाईव्ह असेल तर १२ तास, अनेक असतील तर १८ तास थांबायचं. पण डॅनच्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षिततेचं काम करणारी संस्था) त्या नियमात विमान हा शब्द मुख्य नाही, उंची मुख्य आहे. तो २००० ते ८००० फुटांच्या उंचीसाठी केलेला आहे, मग तिथं विमानानं जा नाहीतर एसटीनं. साताऱ्याचा आपला पोवई नाका २००० फुटांच्या वर आहे. बेळगाव त्याहूनही. म्हणजे दोन दिवसांत पाच डाईव्ह मारून, त्यात एक ३० मीटरची, तुम्ही अंगात नायट्रोजन घेऊन रात्री घाट चढणार. अंगावर दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, ते पुस्तकात वाचलंच असेल.

मालवणहून येणाऱ्यांनाही हेच. आंबोली, फोंडा, गगनबावडा, कुठूनही या, चढ चुकत नाही. सांगलीकर त्यातल्या त्यात सुदैवी, गाव २००० फुटांच्या खाली आहे, पण आंबोलीवरून आले तर वाटेत ती रेषा ओलांडतातच. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये हे सापडत नाही, कारण त्यांना घरी जायला घाट लागत नाही.


मिरजेची तार, मिरज

कास पठार, लाज वाटली. हे मीच आधी लिहायला हवं होतं. अंदमानात सहा वर्षं सगळे विमानानंच परत जायचे, त्यामुळे घाट डोक्यातच आला नाही.

आणि सांध्यात दुखलं, मुंग्या आल्या, तर "गाडी चालवून अंग आंबलं असेल" म्हणून झोपायचं नाही. ऑक्सिजन आणि डॉक्टर. प्रेशर चेंबर आपल्या गल्लीत नसतो. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. त्यासाठी डायव्हिंगचा विमा आधीच काढून ठेवा, साधा मेडिक्लेम याला पुरेल अशा भरवशावर राहू नका.


हरिपूरचा संगम, सांगली

कास पठारांना +१. आणि कॉम्प्युटर घ्या म्हटलं होतं ते याचसाठी. डाईव्हनंतर किती तास थांबायचं ते तो मनगटावर दाखवत बसतो. जमलं तर कोर्सबरोबर नायट्रॉक्सही उरका, अर्ध्या दिवसाचं काम. ३२ टक्क्यांच्या मिश्रणावर ३० मीटरची मुदत २० वरून ३० मिनिटांवर जाते. हवा मात्र तेवढीच लागते, सरांनी मांडलेला हिशोब सुटत नाही. आणि ते मिश्रण घेऊन ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, तिथं ऑक्सिजनच उलटतो.

पाच डाईव्हवाल्या ॲडव्हान्स्डबद्दल माझं मत तेच आहे बरं का.


कंदी पेढा, सातारा

मंडळी, आठवड्यानं येतोय. ठरलं ते लिहितो.

ताईंचे तीनही प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारले. एकानं बॉयन्सीवर "त्याची काय गरज" म्हटलं, शब्दाला शब्द. दुसरीकडे एका इन्स्ट्रक्टरमागे सहा जण. तिसरीकडे फोनवर मुलगी होती. ती म्हणाली, दोघंच असाल, पहिली डाईव्ह बॉयन्सी, दुसरी नॅव्हिगेशन, आणि त्यात तुमचं जमलं नाही तर डीप पुढं ढकलू, तीन डाईव्हचं ॲडव्हेंचर डायव्हर कार्ड घेऊन जा, राहिलेल्या दोन पुढच्या वेळी. ग्राहकाला "कदाचित होणार नाही" म्हणणारी पहिलीच भेटली. तिथं पैसे भरले. पॅडी आहे. एसएसआय असतं तरी तिथंच भरले असते.

गुणाकार सर, तिला तुमचा ९० बारचा हिशोब ऐकवला. तिनं विचारलं, जोडीदाराचा ३० कशावरून धरलात, आधी त्याचा मोजा. जोडीदार म्हणजे माझा मेव्हणा. त्याला वजन कमी कर म्हणून सांगितलंय.

रजा सोमवारची वाढवली. साहेबांनी कारण विचारलं. घाट चढायचा नाही म्हटलं, तर ते म्हणाले, गाडी खराब आहे का? हो म्हणून टाकलं.


भडंग, सांगली

मेव्हण्याचा आकडा कळव रं. आन् येताना बेळगावचा कुंदा.